काल्याचा मध

पार्बताबाईंच्या तिसऱ्या पेटीतली चौकट मी उन्हाकडे धरली आणि बोलता बोलता गप्प झाले. पोळ्याच्या ज्या घरांत मधमाशीची अळी वाढते त्यांची झाकणं एरवी खरपूस भाकरीच्या रंगाची असतात, किंचित फुगीर. इथे ती काळपट पडली होती, आत दबली होती, आणि काहींना बारीक भोक होतं. मी खिशातून आगपेटी काढली, एका काडीचं गूल मोडलं, ती काडी भोकात घातली आणि हळूच मागे ओढली. काडीबरोबर चिकट, चहाच्या रंगाची तार आली. बोटभर लांबली आणि तुटली. सुताराच्या सरसासारखा वास आला.

"शेंबडावानी काय आलं वं ते?" पार्बताबाईंनी विचारलं.

"अळी होती. सडली."

"मंग औषध?"

"याला औषध नाही, पार्बताबाई. पावडरी मिळतात, त्यांनी रोग फक्त लपतो. पेटी जाळावी लागते. चौकटी, मेण, मध, सगळं."

"माश्यासकट?"

"माश्यांसकट."

त्यांनी पेटीवर झाकण ठेवलं, झाकणावरचा दगड उचलून पुन्हा नीट बसवला. वारा अजिबात नव्हता.

मी अकोल्याच्या एका मधमाशी आरोग्य केंद्रात काम करते. तीन दिवस सूक्ष्मदर्शकापाशी, तीन दिवस गावोगावच्या पेटीवाल्यांकडे. वरूडच्या पुढचं बेलसरी हे माझ्या गावांतलं सगळ्यात जिव्हाळ्याचं. चहूबाजूंनी संत्र्याच्या बागा, आणि नऊ घरांत मिळून पाऊणशे पेट्या. संत्र्याचा आंबिया बहार पंधरा-वीस दिवसांवर आला होता. झाडाच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसत होत्या. फुलं फुटली की पेट्या बागांत जायच्या, माशी फुलावर बसायची, फळ धरायचं. बेलसरीचं वर्ष तिथूनच सुरू होतं.

त्या मंगळवारी दिवस मावळेपर्यंत मी चार घरं पाहिली. चारही घरी काडीला तार आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर पेटीवाले जमले. उत्तमराव सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, तीस एकर संत्रा, आवाज करडा पण मनाने वाईट माणूस नाही. त्यांनीच सुरुवात केली.

"मॅडम, हे कुठून आलं ते आमाले ठाव हाय."

"मला अजून माहीत नाही, उत्तमराव."

"सोपं हाय. धर्मपालनं पेट्या बाळापूरकडे नेल्या होत्या, तुरीच्या फुलोऱ्यावर. मार्गशीर्षात वापस आनल्या. अन् पुसात आमच्या माश्या सडाले लागल्या. तुमीच सांगता ना, बाहेरून आलेल्या पेटीवर नजर ठेवा म्हनून?"

ते मीच सांगत होते. तर्कात खोट काढता येईना.

"त्याच्या पेट्या मी अजून पाहिल्या नाहीत," मी म्हटलं.

"पाहा ना. पन एकादशीपर्यंत त्यानं त्या शिवाराबाहेर न्याव्या, असं ठरलं हाय. बागेत तर त्याची एक पेटी ठेवू देनार नाई."

"कोणी ठरवलं?"

उत्तमरावांनी ओट्यावरच्या सगळ्यांकडे हात फिरवला. जानराव, सप्ताहात मृदंग वाजवणारे सत्तरीचे म्हातारे, खाली मान घालून आपल्या तळहातावरचा तंबाखू चोळत राहिले. बाकीचे रस्त्याकडे पाहू लागले. माघी एकादशी नऊ दिवसांवर होती.

धर्मपालचं मोटार बांधायचं दुकान गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ. पेट्या नाल्याच्या बांधावर, बारा. मी गेले तेव्हा तो एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळत बसला होता.

"या. मले वाटलं पंचनाम्याले आधी तलाठी येते."

"तुम्हाला कळलं वाटतं."

"बेलसरीत काई लपते का, मॅडम? कालच एकजन सांगून गेला, तुहा गाशा गुंडाय म्हने. म्या म्हनलं, तार गुंडाळून राहिलो, गाशा मंग."

बांधावर आम्ही एकेक पेटी उघडली. प्रत्येक पेटीआधी त्याने मला सोड्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, चौकट उचकायची माझी लोखंडी पट्टी ज्योतीवर धरायला लावली. मीच शिकवलेलं. गावात बाकी कोणी ते करत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पार्बताबाईंच्या अंगणात मीही घाई करायचे. बारा पेट्या पाहायला तीन तास लागले. झाकणं फुगीर, अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या. एकही आजारी नाही.

मी बांधावरच बसले. रोग चार घरांत असेल आणि पाचव्या घरात नसेल, तर त्या पाचव्या घराने काय वेगळं केलं हे विचारायचं, असं आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात.

"धर्मपाल, पेट्यांना काय खाऊ घालता?"

"फुलं नसले तर साखरेचं पानी. तुमच्याच कागदात लिवलं हाय. दुसऱ्याच्या पेटीतला मध आपल्या माशीले देऊ नये. पान चार."

"आणि काल्याचा मध?"

तो हसला, पण त्यात हसण्यासारखं काही त्यालाही वाटत नसावं. "तो मले कोन आनून देनार? आमच्या घरी परसादाचं काई नसते, तुमाले ठाव हाय. पन पंगतीचं बलावनं आलं असतं तर आलो असतो, जेवाले काय. नऊ पेटीवाले म्हनतेत, अन् पत्रिका आठ घरी."

नाल्यात पाणी नव्हतं, तरी माझ्या कानात पाणी वाहिल्यासारखा आवाज यायला लागला.

काल्याच्या मधाची चाल बेलसरीत जुनी नाही. ती मी पाडली.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथे लोक मधमाशीला भ्यायचे, बहारात फवारणी करायचे, पेटीवाल्यांशी भांडायचे. मी प्रशिक्षणं घेतली, चित्रं दाखवली. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि सकाळी पंप पाठीवर घ्यायचे. त्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहाला मी मुक्कामी राहिले. कीर्तन हे माझं लहानपणापासूनचं घर. बाबा टाळकरी होते. त्यांच्या मांडीवर मी टाळांच्या आवाजात झोपायला शिकले आणि विण्याच्या आवाजात जागं व्हायला. काल्याच्या आदल्या दिवशी मी नत्थुजी महाराजांना म्हटलं, महाराज, उद्याच्या काल्यात पेटीवाल्यांनी घरचा वाटी-वाटी मध घालावा. एका तपेलीत सगळ्यांचा मध. देवाला दाखवावा, माणसांनी खावा, आणि उरलेला ज्यांनी दिला त्या माश्यांना परत द्यावा. पेटीमागे चमचाभर.

महाराजांना ते फार आवडलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी असं रंगवून सांगितलं की बायांनी डोळ्याला पदर लावला. त्या वर्षापासून बेलसरीत बहारात कोणी फवारणी केली नाही. जिला आपण प्रसाद भरवतो तिच्यावर विष कसं मारायचं? जे पान चारने झालं नाही ते चमचाभर मधाने झालं होतं. मी अकोल्याला बैठकीत हे अभिमानाने सांगितलं होतं.

आणि पान चार मीच लिहिलं होतं. दुसऱ्याचा मध माशीला देऊ नये, कारण या रोगाचे बीजाणू मधात चाळीस चाळीस वर्षं जिवंत राहतात. माणसाला त्याने काही होत नाही. अळी मात्र मरते. हे मला पाठ होतं. फक्त काल्याची तपेली समोर आली की तिच्यात मध आहे हे मी विसरत होते. प्रसाद तपासायचा असतो असं कधी मनातच आलं नाही.

देवळात त्या तपेलीत थोडा मध उरला होता. किल्ली पार्बताबाईंकडे. मी चमचाभर मागितला.

"परसाद नेऊन राहिली का घरी?"

"हो," मी म्हटलं.

देवळात उभी राहून बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

अकोल्याला माझ्यासोबत प्रतीक्षा काम करते. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, हाताने फार नेटकी. तिने मध पाण्यात विरघळवला, यंत्रात फिरवला, तळाशी बसलेला गाळ काचेवर घेऊन रंगवला. बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग उठून मला जागा दिली. तांदळाच्या कण्यांसारखे बीजाणू. मोजायचीही गरज नव्हती.

"कोणाच्या वाटीतून आले ते यावरून नाही सांगता येणार," ती म्हणाली.

"वाटी कोणाचीही असू दे. तपेली माझी."

तिने वहीत नमुन्याची तारीख लिहिली. मग म्हणाली, "ताई, अहवालात 'उगम निश्चित नाही' असं लिहितातच की आपण. ते खोटंही नाही."

"आणि धर्मपाल?"

"त्याच्या पेट्या निरोगी आहेत, एवढं लिहू. पुरे की."

"बेलसरीत कागद कोण वाचतं, प्रतीक्षा? पान चार एकट्या धर्मपालने वाचलं."

तिने काच पुसून डबीत ठेवली. "तुम्ही सांगितलंत तर ते तुम्हाला पुन्हा पेटी उघडू देतील का?"

हेच तर मला कळत नव्हतं. आठ वर्षांत मी एकेक झाकण उघडायला शिकवलं होतं. प्रसादाने माश्या मेल्या असं मी म्हणाले तर माझं तोंड कोण पाहील? आणि नाही म्हणाले, तर ज्याने एकट्याने नियम पाळला त्याच्याच बारा पेट्या एकादशीला शिवाराबाहेर जातील. एकादशीपर्यंतच्या चार दिवसांत मी देवासमोर बसले की हात जोडायचे आणि पुढे काय मागायचं ते सुचायचं नाही.

एकादशीला दुपारी मी बेलसरीला पोचले. नत्थुजी महाराज पार्बताबाईंच्या ओसरीवर भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, आवाज अजून खणखणीत. तरुणपणी मोझरीला खंजिरी शिकले, मग वीणा गळ्यात घेतला. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काडी, बारा पेट्या, तपेली. पार्बताबाईंशी खोटं बोलले तेही. पार्बताबाई उंबऱ्यातच होत्या, हातात ताकाचा तांब्या.

महाराजांनी ताट बाजूला सारलं.

"माय, तू सांगतलं, अन् वाटला म्या. पळी माह्या हातात होती. आता पाप कसं करू या? अर्धं अर्धं?"

मला रडू येईल असं वाटत होतं ते थांबलं.

"महाराज, मी नियम जाणत होते. तुम्ही नव्हता जाणत."

"हे खरं," ते म्हणाले. "मंग जास्त हिस्सा तुहा."

"लोकांची श्रद्धा मोडेल याची भीती वाटते."

"कोनावरची?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लोकाइची श्रद्धा देवावर हाय. त्याचं तो पाहून घेईन, त्याले सवय हाय. तुह्यावरची मोडली तर मोडू दे."

पार्बताबाईंनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे मह्या सातही पेट्याइले म्याच चारलं," त्या म्हणाल्या. "चमच्यानं. रामकृष्णहरी म्हनत." आणि आत निघून गेल्या. ताक कोणी प्यायलं नाही.

संध्याकाळी सहाला कीर्तन उभं राहिलं. मंडपात दीड-दोनशे माणूस. पेटीवाले सगळे होते, कारण कीर्तनानंतर धर्मपालच्या पेट्यांचा निकाल लावायचा होता. तोही आला होता. बाहेर कडुनिंबाखाली, जिथे चपला काढतात तिथे, हाताची घडी घालून उभा.

एकादशीला महाराज एरवी नाममहिमा घेतात. त्या दिवशी त्यांनी काला घेतला. काल्याचं कीर्तन शेवटच्या दिवशी करायचं असतं, मधेच नाही, त्यामुळे टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण महाराजांनी चाल धरली आणि जानरावांचा हात मृदंगावर आपोआप पडला. यमुनेचा काठ उभा राहिला. गवळ्यांची पोरं आपापल्या शिदोऱ्या सोडून बसली. कोणाची कण्यांची भाकर, कोणाचं आंबट ताक, कोणाचं नुसतं लोणचं. आणि देव सगळ्यांच्या मधोमध, बोटांच्या बेचक्यांत लोणच्याच्या फोडी धरून. हे मी शंभरदा ऐकलं असेल. तरी त्यांनी "कोणाची शिदोरी राहिली का रे?" असं देवाच्या तोंडून विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तिथेच ते थांबले. टाळ थांबले. जानरावांचा हात हवेत राहिला.

"देवानं विचारलं होतं," महाराज साध्या आवाजात म्हणाले. "आपुन विचारलं का? नऊ घराइचा काला म्हनलं अन् आठ घराइचा केला. अन् त्या आठ घराइत काय झालं, ते आता ही पोरगी सांगीन. तिचं होईस्तोवर कोनी उठायचं नाई. हे कीर्तनच सुरू हाय."

त्यांनी वीणा गळ्यातच ठेवला आणि एक पाऊल बाजूला झाले. मी बायांच्या बाजूने उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तीन वर्षांपूर्वी काल्याच्या मधाची कल्पना माझी होती, हे सांगितलं. दुसऱ्याचा मध माशीला देऊ नये हा नियम मीच लिहिला आणि मीच मोडायला लावला, हे सांगितलं. तपेलीतल्या मधात रोग सापडला. ज्या आठ घरांनी तो चारला त्या घरी रोग गेला. ज्या घरी तो पोचलाच नाही त्या घरच्या बारा पेट्या मी स्वतः पाहिल्या, निरोगी आहेत. आणि तुम्ही तो मध खाल्ला, त्याने तुम्हाला काही होणार नाही.

उत्तमराव उठले. उठायचं नाही हे आठवून परत बसले, आणि बसूनच म्हणाले, "म्हंजे देवाच्या मधानं माश्या मेल्या, असं म्हनता काय तुमी?"

"देवाच्या नाही, उत्तमराव. माझ्या."

"तपेलीत रोग आला कुठून पन? आमी तर घरचाच मध घातला. तीन वर्षं काई झालं नाई, यंदाच कावून?"

कोणाच्या वाटीतून ते कळत नाही, असं मी सांगणार तोच मृदंगाच्या बाजूने आवाज आला.

"घरचा नोता," जानराव म्हणाले.

त्यांनी मृदंग मांडीवरून उतरवून ठेवला. "यंदा मह्या पेट्याइनं मध देल्लाच नाई. दोनच पेट्या, त्याबी अशक्त. वाटी रिकामी कशी आनू? सप्ताहात पन्नास वर्षं वाजवून राहिलो म्या. मंग अमरावतीच्या बाजारातून बाटली आनली. खुला मध. कुठचा होता काय मालूम." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "त्या दिवशी ओट्यावर तुमी त्या पोराचं नाव घेतलं तवाच मह्या मनात आलं होतं. बोललो नाई."

जानराव रडले नाहीत. नुसते बसून राहिले, मृदंगावर हात न ठेवता. त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पार्बताबाईंनी बायांमधून विचारलं, "किती जाळा लागतीन?"

"त्रेसष्टपैकी एक्केचाळीस," मी म्हटलं. बाकीची चार घरं मी अकोल्याला परतण्याआधी पाहून घेतली होती. "उरलेल्यांवर लक्ष ठेवायचं. तुमच्या सातही."

त्यांनी मान हलवली. मग उत्तमरावांकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. उत्तमराव पुन्हा उठले आणि या वेळी बसले नाहीत. मंडपाच्या कडेपर्यंत चालत गेले.

"धर्मपाल, पेट्या हालवू नोको."

"हालवल्याच नोत्या," धर्मपाल म्हणाला.

उत्तमरावांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "कायले उभा हाय चपलीत," एवढंच म्हणाले. धर्मपाल क्षणभर तसाच राहिला. मग चपला काढून मंडपाच्या कडेला येऊन बसला. आत बोलावलं म्हणून आला असं नाही. पाय दुखले असावेत, असं दाखवत. महाराजांनी विण्याची तार छेडली. जानरावांनी मृदंग घेतला नाही. त्या दिवशीचं उरलेलं कीर्तन नुसत्या टाळांवर झालं.

माश्या घरी असताना पेटी बंद करावी लागते, म्हणून जाळणं पहाटेचं. काकडा झाला आणि आम्ही उत्तमरावांच्या पडीक वावरात गेलो. खड्डा लागतोच. नाहीतर वितळलेला मध वाहतो, आणि निरोगी पेट्यांच्या माश्या तो चाटायला येतात. आम्ही पोचलो तेव्हा धर्मपाल आधीच कंबरभर खड्ड्यात होता, हातात पावडं.

"तू कायले आला बापा?" पार्बताबाई म्हणाल्या. "तुहं काय जयून राहिलं?"

"खड्डा उथळ झाला तर महंच जयीन, काकू."

पेट्या एकेक करून आल्या. दारं गवताने बंद केलेली. आतून माश्यांचा आवाज येत होता, कोणीतरी वीणा धरून उभं असावं तसा, एकच सूर. वरून वाटीभर पेट्रोल ओतायचं आणि झाकण दाबून धरायचं. ते मी केलं. दुसऱ्या कोणाला करायला सांगणं शक्य नव्हतं. सूर आधी चढतो, मग फाटतो, मग थांबतो. एक्केचाळीस वेळा. पार्बताबाई आपल्या सातव्या पेटीपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पेटीवर हात टेकवत राहिल्या. तोंडात नाम होतं. सातवी झाल्यावर त्यांनी पदराखालून तपेली काढली. काल्याचा उरलेला मध.

"हेबी?"

"हो."

त्यांनी तो खड्ड्यात ओतला. शेवटचा थेंब तुटायला वेळ लागला. त्या तोवर तपेली तशीच धरून उभ्या राहिल्या. मग आग लावली. मेणाला लागलेली आग पिवळी आणि शांत असते, आणि वास, काय सांगू, देवघरासारखा येतो. उजाडलं तेव्हा पुरुषांनी माती लोटली. जानराव सगळ्यात शेवटपर्यंत माती लोटत होते. कोणी त्यांना थांब म्हटलं नाही, आणि जा असंही नाही. मला कोणी चहा विचारला नाही. मी पहिल्या एसटीने निघाले.

पुढच्या मंगळवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या सोमवारी धर्मपालचा फोन आला. "बहार फुटला. माह्या बारा पेट्या उत्तमरावाच्या बागेत हायेत. तुमी येत कावून नाई? पगार बंद झाला का?"

मी गेले. बाग पांढरी झाली होती. वासाने डोकं जड व्हावं इतकी. बांधावर एका झाडाखाली घमेल्यात सोड्याचं पाणी ठेवलं होतं आणि शेजारी चंची सोडून पार्बताबाई बसल्या होत्या. मी दिसल्यावर त्यांनी घमेल्याकडे बोट केलं.

"हात."

मी हात धुतले. नखांपर्यंत. पिशवीतून लोखंडी पट्टी काढली, तशी धर्मपाल म्हणाला, "ते राहू द्या तुमच्यापाशीच. आमची घ्या. या पेट्यांची पट्टी या पेट्यांपाशीच राहाते आता. गावात तसं ठरलं हाय."

"कोणी ठरवलं?" मी विचारलं.

त्याने पार्बताबाईंकडे पाहिलं. पार्बताबाई फुलांकडे पाहत होत्या.

"फुलोरा सरला की काकूले दोन चौकटी देनार हाय, माश्या अन् अंड्यासकट," तो म्हणाला. "म्हनून बलावलं. देन्याआधी तुमी पाहून घ्या."

मी चौकट उन्हाकडे धरली. झाकणं खरपूस, फुगीर. कडेला एक होतं, जरा बसकं, टोकाला भोक. माश्या तिथे कधी कधी झाकण पुरं करायच्या आत थांबतात. एवढ्याने रोग म्हणता येत नाही. पण पार्बताबाई उठून माझ्या खांद्याशी आल्या होत्या, आणि त्यांनाही ते दिसलं होतं. मी काडीचं गूल मोडलं, काडी आत घातली. हळूच ओढली. काडीच्या टोकाला पांढरा ओलावा. तार नाही.

मी पार्बताबाईंकडे वळले. त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली, उजेडात फिरवून पाहिली, वास घेतला आणि फेकली नाही, चंचीत ठेवली.

"दुसरी चौकट काढ," त्या म्हणाल्या. "अन् घाई नोको करू."